जहाजावर दिवा लावता येत नाही

देवाची आठवण माझ्यातून नेमकी कधी निसटायला लागली, ते मला सांगता येणार नाही. काही भांडण झालं नव्हतं, मोठा घाव बसला नव्हता. नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या घरी सकाळी अंघोळ झाली की देवघरात दिवा लावायचा, उदबत्ती ओवाळायची, रामाचं नाव घ्यायचं आणि डबा उचलून हॉस्पिटलची ड्युटी गाठायची. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की यालाच मी भक्ती समजत होते. मग क्रूझ जहाजावर नर्सची नोकरी लागली. नव्या माणसांना सुरक्षेचे नियम शिकवतात, त्यात पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं की जहाजावर कुठेही उघडी ज्योत चालणार नाही. काडी नाही, उदबत्ती नाही, दिवा नाही. भर समुद्रात आगीइतकं भय कशाचंच नसतं, त्यामुळे नियम बरोबरच होता. माझी केबिन पार खालच्या मजल्यावर, बिनखिडकीची. जहाज सारखं वळत असायचं, पूर्व कोणती ते कळायचं नाही. घरून आणलेली रामाची छोटी तसबीर मी भिंतीला लावली, काही दिवस तिच्यापुढे हात जोडून उभी राहिले, आणि मला फार रिकामं वाटलं. दिवा, वास, घंटा सगळं बाजूला केल्यावर आत जे उरायला हवं होतं ते मी चाचपून पाहत होते आणि हाताला काही लागत नव्हतं. मग हळूहळू ते उभं राहणंही सुटलं.

आमचं घराणं कोष्ट्यांचं. आजोबांच्या काळी घरात माग चालायचा, बाबांनी तो बंद करून बुटीबोरीच्या कापड कारखान्यात नोकरी धरली आणि तिथूनच रिटायर झाले. आईची श्रद्धा मात्र पहिल्यापासून एकाच जागी, रामटेकच्या रामावर. घरात काहीही बरं झालं की ती रामटेकला जाते, आणि काही बिघडलं तरी तिथेच जाते. एकदा फोनवर मी तिला सहज म्हणून गेले, "आई, इथं दिवा लावता येत नाही. पूजेत मनच लागत नाही माझं."

ती जराही चकित झाली नाही. म्हणाली, "दिवा नाही त नको लावू वं. ताट नाही म्हणून काय उपाशी राहशीन का?"

मी हसले. पण फोन ठेवल्यावर वाटलं, तिला कसं सांगू की मला भूकच लागत नाही.

बाकी जहाजावरचं आयुष्य मला आवडत होतं, हे खोटं कशाला बोलू. आमचा छोटा दवाखाना होता, त्यात डॉक्टर आणि आम्ही नर्सेस. आमच्या डॉक्टर दक्षिण आफ्रिकेच्या, उंच, कमी बोलणाऱ्या आणि हाताच्या विलक्षण हलक्या. प्रवासी बहुतेक वयस्कर. कोणाची शुगर, कोणाचं ब्लडप्रेशर, कोणी नाचताना पाय मुरगळून घेतलेला. नागपूरच्या आयसीयूत बरीच वर्षं काढलेल्या मला हे काम सुरुवातीला सुट्टीसारखंच वाटलं. सकाळी डेकवर जाऊन चहा प्यायचा, चहूकडे पाणीच पाणी बघायचं आणि मग कामाला लागायचं. सुख होतं. फक्त त्या सुखाबद्दल आभार कोणाचे मानायचे, ते माझ्यापाशी उरलं नव्हतं.

त्या सफरीत आम्ही अटलांटिक ओलांडत होतो. महासागराच्या मधोमध एका बेटावर जहाज थांबणार होतं आणि त्यानंतर पलीकडचा किनारा येईपर्यंत नुसतं पाणी. बेट यायच्या आधी समुद्र खवळला आणि दवाखान्यात उलट्या करणाऱ्यांची रांग लागली. त्यात नोरा नावाच्या एक बाई होत्या. आयर्लंडमधल्या एका गावात शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त. एकट्याच आलेल्या. त्यांच्या पोटात पाण्याचा घोटही टिकत नव्हता. मी इंजेक्शन दिलं, शेजारी बसून राहिले. बेट आलं तेव्हा त्या बॅग भरूनच दवाखान्यात आल्या. म्हणाल्या, "सिस्टर, मी इथे उतरते. विमानाने घरी जाते. एवढ्या पाण्याशी माझं जमायचं नाही."

अशा वेळी आम्ही सल्ला देत नाही. ज्याचा त्याचा निर्णय. मीही आजवर कधी कोणाला थांबवलं नव्हतं. पण त्या दिवशी मी एकदम म्हणाले, "माझ्या आईला रामटेकच्या बसमध्येसुद्धा मळमळतं. तोंडात आल्याचा तुकडा धरून बसते आणि तरी दरवर्षी जाते. तुमचं शरीर आता सरावत आलंय. थांबून तर बघा."

नोराबाईंना रामटेक कुठलं माहीत! पण त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या हसल्या. मी स्वयंपाकघरातून आलं मागवून दिलं. त्यांनी बॅग परत केबिनमध्ये नेली आणि जहाज बेटावरून सुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या नाश्त्याच्या वेळी वॉल्टर नावाच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना चाकांच्या खुर्चीवरून आणलं. रक्ताची उलटी झाली होती. बरोबर त्यांची बायको एडिथ, हातात त्यांचा चष्मा धरून. जठरातला व्रण फुटला होता आणि आत रक्त वाहत होतं. डॉक्टरांनी औषधं सुरू केली, मी दोन्ही हातांना सलाइन लावलं. तरी रक्तदाब खाली खालीच जात राहिला. नागपुरात असते तर मी रक्तपेढीला फोन केला असता. जहाजावर रक्तपेढी नसते. अशी वेळ आलीच तर जहाजावरच्याच कोणा निरोगी माणसाचं ताजं रक्त घेतात, तपासणीची साधनं आणि पिशव्या आमच्याकडे तयार असतात. कॅप्टननी जहाज मागे बेटाकडे वळवलं. पण वारा इतका होता की हेलिकॉप्टर येणं शक्य नव्हतं. वारा पडेपर्यंत वॉल्टरना धरून ठेवणं आमच्या हाती होतं, आणि त्यांचा रक्तगट निघाला ओ निगेटिव्ह. म्हणजे त्यांना फक्त ओ निगेटिव्हच चालणार.

जहाजभर घोषणा झाली. माणसं आली, मनापासून आली. कोणी डेकवरून धावत, कोणी कामाचा एप्रन अंगावर तसाच ठेवून. बहुतेकांचा गट वेगळा. ज्यांचा जुळला त्यात एक आजोबा हृदयविकाराची औषधं घेणारे, त्यांचं रक्त कसं घेणार? दुसरा आमच्याच जहाजावरचा वेटर. त्याने नुकतंच दंडावर मुलीचं नाव गोंदवून घेतलं होतं. नव्या गोंदणामुळे त्याला नाही म्हणावं लागलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा स्वतःचा गट बी पॉझिटिव्ह. मी वॉल्टरच्या मनगटावर बोटं ठेवून उभी होते. नाडी दोऱ्यासारखी बारीक लागत होती. एडिथ मला म्हणाल्या, "तुम्ही त्यांना सोडून जाणार नाही ना?" मी म्हणाले, "नाही." आणि त्याच क्षणी मला समजलं की मी शब्द दिलाय पण तो पाळायला माझ्या हातात काहीच नाही.

सलाइनच्या बाटल्या आणायला मी मागच्या सामानाच्या खोलीत गेले. जेमतेम एक माणूस उभं राहील एवढी ती जागा. औषधांचा वास, वर ट्यूबलाइट, आणि जहाज वळत असल्याने पायाखालची जमीन तिरकी. बाटली काढायला हात वर केला आणि तो तसाच राहिला. कितीतरी महिन्यांत न आलेले शब्द तोंडात आले, तेही आमच्या घरच्या बोलीत. "रामा, मले काही समजून नाही राहिलं. माझ्यानं होत होतं ते मी केलं. आता तूच पाहाय." एवढंच. हात जोडले नव्हते, हात अजून बाटलीवरच होता. वॉल्टरना वाचव, असंही मी म्हटलं नाही. खरं सांगायचं तर काय मागावं तेही सुचलं नाही. पण छातीत सकाळपासून आवळून धरलेलं काहीतरी सैल झालं. सुई टोचताना आम्ही रोग्याला सांगतो ना, हात सैल सोडा, तसं. मी बाटल्या घेतल्या आणि बाहेर आले.

दारात नोराबाई उभ्या होत्या. केस विंचरलेले, गालांवर रंग, आणि चेहऱ्यावर एखाद्या लहान मुलीसारखा आनंद.

"सिस्टर, तुम्हाला सांगायलाच आले! आज मी टोस्ट खाल्ला, अंडी खाल्ली, आणि सगळं पोटात राहिलं!"

त्यांनी घोषणा ऐकलीच नव्हती. कितीतरी दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली होती, उठून त्या थेट नाश्त्याला गेल्या आणि तिथून मला ही बातमी द्यायला खाली आल्या. माझा चेहरा पाहून त्या थबकल्या. "काय झालं?" मी दोन वाक्यांत सांगितलं. गट कोणता हवाय तेही सांगितलं. त्या बाही वर सारत म्हणाल्या, "मग मला बसवा कुठे तरी. माझा तोच आहे. गावात वर्षानुवर्षं रक्त देत आलेय मी."

डॉक्टरांनी त्यांना सगळं विचारलं, दोनदा विचारलं. कालपरवापर्यंत नोराबाई आजारी होत्या, त्यामुळे डॉक्टरांनी वेळ घेतला. भराभर चाचण्या केल्या, त्यांचं आणि वॉल्टरचं रक्त जुळवून पाहिलं आणि मग मान डोलावली. सुई मीच लावली. पिशवीत ते गडद लाल रक्त उतरत होतं आणि नोराबाई मला विचारत होत्या, "तुमच्या आईचं ते गाव कसं आहे? ज्याला बसने जावं लागतं?" मी त्यांना टेकडी सांगितली, वरचं देऊळ सांगितलं, हातातला प्रसाद हिसकावणारी माकडं सांगितली. त्या हसत होत्या.

ते रक्त वॉल्टरना चढलं तसा त्यांचा रक्तदाब हळूहळू सावरला. औषधांनीही काम केलं असेल. दुपारी वारा पडला आणि आम्ही बेटाच्या जवळ पोचलो तेव्हा हेलिकॉप्टर आलं. डेकवरून स्ट्रेचर वर जाताना वॉल्टरनी डोळे उघडून बायकोला विचारलं, "माझा चष्मा कुठे आहे?" एडिथ रडता रडता हसायला लागल्या. काही आठवड्यांनी जहाजाच्या ऑफिसात त्यांच्या मुलीचा फोन आला, वडील घरी आलेत आणि बागेत खुरपं घेऊन बसतात म्हणून.

डॉक्टर त्या संध्याकाळी कॉफी पिताना म्हणाल्या, "आज आपलं नशीब जोरावर होतं." मी "हो" म्हणाले. त्यांच्याशी वाद घालण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं आणि आजही नाही. मी नर्स आहे. पिशवीतून काय गेलं, नळीतून काय गेलं, ते मला माहीत आहे. कधी कोणाला न थांबवणारी मी त्या बाईंना का थांबवलं आणि आईच्या बसची गोष्ट माझ्या तोंडात का आली, ते मला माहीत नाही. जे माहीत नाही त्यापुढे मान लववावी, एवढंच मला वाटलं. खाली केबिनमध्ये गेले, भिंतीवरच्या तसबिरीपुढे उभी राहिले. ना दिवा होता, ना दिशा. पण त्या दिवशी रिकामं वाटलं नाही. बोलायला कोणीतरी समोर आहे असं वाटलं आणि मी खूप वेळ बोलत राहिले.

आता मी सुट्टीवर घरी आले आहे. गेल्या आठवड्यात आईला घेऊन रामटेकला गेले. थंडी छान पडली होती. भावाने गाडी काढून देतो म्हटलं, पण आई ऐकेना, बसनेच गेलो. वाटेत मी तिला ही सगळी हकीकत सांगितली. आधी फोनवर सांगितली नव्हती, समोर बसून सांगायची होती. वाटलं होतं, ती आता रामाचा महिमा सांगायला लागेल. ती खिडकीतून शेतांतल्या कापलेल्या धानाच्या बांध्या बघत ऐकत राहिली. सगळं संपल्यावर विचारलं, "ते म्हातारबुवा आता जेवून राहिले का नीट?"

"हो, जेवतात."

"आणि ते मास्तरीणबाई? तिचं डोकं नाही गरगरलं ना रक्त देल्यावर?"

"नाही गं. वर दोन बिस्किटं खाऊन गेली."

"मग झालं त," ती म्हणाली आणि समाधानाने मागे टेकली.

वर देवळात गर्दी नव्हती. काय काय बोलायचं, आभार कसे मानायचे, हे मी मनात नीट जुळवून आणलं होतं. मूर्तीपुढे उभी राहिले आणि त्यातलं काहीही आठवलं नाही. नुसती बघत राहिले. याआधी याच जागी मी परीक्षेचा निकाल मागितला होता, नोकरी मागितली होती, बाबांची तब्येत मागितली होती. मागणं वाईट नाही, लेकरू आईबापाला मागतंच. पण जे घडायचं ते त्याच्या हातात ठेवून, आपल्या हातचं काम तेवढं करत राहण्यात जी शांतता आहे, ती मला त्या सामानाच्या खोलीत बाटल्या काढताना पहिल्यांदा भेटली. तेव्हापासून ती माझ्या सोबत आहे. कधी कमी, कधी जास्त.

दर्शन झाल्यावर आम्ही दोघी देवळाच्या तटबंदीजवळ उन्हात बसलो. खाली तळं चमकत होतं. आईने पिशवीतून संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं मला दिलं. पुढच्या महिन्यात मला पुन्हा जहाजावर जायचं आहे, ते तिलाही ठाऊक होतं. तिने तो विषय काढला नाही.

"काय मागतलं वं आज?" तिने विचारलं.

"काहीच नाही. तू?"

तिने थोडा विचार केला. "मी बी नाही," ती म्हणाली, आणि स्वतःच नवल वाटून हसायला लागली. मग मलाही हसू आवरेना. शेजारून चाललेली माणसं वळून बघत होती, आणि आम्ही मायलेकी संत्र्याच्या फोडी हातात धरून हसतच होतो.