मुक्ताबाईंच्या कॉन्टेसाचा एसी

अंथुर्ण्याच्या मुक्ताबाई पन्नाशीत मोटार चालवायला शिकल्या त्या हौसेने नव्हे. नवरा कुंडलिकरावांची नजर मधुमेहाने अधू झाली होती आणि त्यांना बारामतीच्या डॉक्टरकडे न्यायला दुसरं कोणी मोकळं नव्हतं. घरात पांढरी कॉन्टेसा होती, नव्वद सालची. कुंडलिकराव शेजारी बसून गिअरवरून ओरडायचे, मुक्ताबाई उलट ओरडायच्या. ते गेल्यावर घरच्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली. तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी बाईंनी ती ओढून काढली. नऊवारीतल्या विधवेला स्टिअरिंगमागे बघून स्टँडवरची माणसं वळून पाहू लागली. बाईंनी हॉर्न वाजवला.

गेल्या मे महिन्यात जंक्शन गावाजवळ त्यांना उन्हाने भोवळ आली. गाडी त्यांनी व्यवस्थित कडेला घेतली होती. तरी पुण्यातल्या मुलाने, ज्ञानेशने, यंदा उन्हाळा लागताच अट घातली: एसी चालत असेल तर चालव, नाही तर गाडी विक.

धाकटे दीर सर्जेराव याचीच वाट पाहत होते. इंदापूरचा मानसिंग जुन्या मोटारी लग्नासाठी भाड्याने देतो. त्याला त्यांनी बोलावणंही धाडलं. एसीत दर उन्हाळ्यात गॅस भरला जाई आणि महिन्याभरात निघून जाई. दुरुस्तीला गाडी सर्जेरावच न्यायचे आणि परत आल्यावर सांगायचे, "जुनी गाडी हाय, वैनी. गॅस धरत न्हाय."

ज्या दिवशी संध्याकाळी मानसिंग येणार होता, त्या दिवशी सकाळी बाई स्वतः गाडी घेऊन बारामतीला निघाल्या. खर्च वाया जाणार हे सांगायला सर्जेराव बरोबर बसले. दूध केंद्रांवरचे कूलर दुरुस्त करणारा गोकुळ मोटारींचे एसीही बघतो. त्याने बॉनेट न उघडताच विचारलं, "भरून देऊ का, काकी? उन्हाळा निघंल."

"निघंल. पुढच्या उन्हाळ्याला काय करू?"

"पुढच्याला परत या."

"परत याया न्हाय आले मी. गॅस जातोय कुठनं ते बघ आधी."

सर्जेराव म्हणाले, "गोकुळ, कशाला येळ घालवतो? गाडीच म्हातारी झालीया."

"तुमी चा घ्या, भाऊजी," बाई म्हणाल्या.

गोकुळने एसीच्या नळ्यांत नायट्रोजन सोडला, दाब चढवला आणि गळती शोधायला साबणाचं पाणी ब्रशने लावत गेला. पुढच्या जाळीवर काही नाही. कॉम्प्रेसरवर काही नाही. कॉम्प्रेसरपासून निघणाऱ्या नळीच्या तोंडाशी मात्र फेस वर आला आणि फुगतच राहिला. गोकुळने फडक्याने काजळी पुसली. खालून पिवळा रंग निघाला.

"ही एसीची नळी न्हाय," तो म्हणाला. "हिला क्लिपा लावून बसवलीया. कुणी केलं हे?"

बाईंनी वाकून पाहिलं. डाळिंबावर औषध फवारायच्या पंपाची नळी त्या रोज बघत होत्या. अशीच पिवळी वेटोळी सर्जेरावांच्या ओसरीत खिळ्याला टांगलेली असत.

"भाऊजी, ही तुमच्या पंपाची."

सर्जेरावांनी चहाचा कप खाली ठेवला. "मूळ नळी फुटली व्हती. घरात तुकडा पडून व्हता, दिला लावून. पंपाचा दाब धरती, तर गॅस का न्हाय धरायची?"

"पाणी न्हाय ते, तात्या," गोकुळ म्हणाला. "गॅस हाय."

"म्हंजी इतकी वर्सं तुमी गाडीला म्हातारी म्हणत व्हता," बाई म्हणाल्या, "आन् मी ऐकून घेत व्हते."

पूर्वीचा गॅस आता मिळत नाही. नव्यासाठी तेल, रबरी कड्या आणि ओल शोषणारा ड्रायर बदलावा लागतो. सगळं करायला बाईंनी सांगितलं. हार्वेस्टरच्या नळ्या बांधणाऱ्या दुकानातून गोकुळने एसीची नळी टोकं दाबून बनवून आणली. हवा ओढायचा पंप लावून आतली हवा काढून घेतली आणि पंप बंद करून दाबाचा काटा पाहत बसला. काटा हलला नाही, म्हणजे गळती नव्हती. मग गॅस सोडला.

दुपारच्या उन्हातच त्या निघाल्या. काचा बंद होत्या. काढलेली नळी बाईंनी मागच्या सीटवर सर्जेरावांशेजारी ठेवायला लावली होती. गाव यायच्या आत सर्जेराव म्हणाले, "वैनी, जरा कमी करा. कान गार पडलं."

"टॉवेल गुंडाळा."

मानसिंग वेळेआधीच येऊन अंगणात उभा होता. तो पुढच्या सीटवर बसला, हात झरोक्यापुढे धरला आणि सर्जेरावांकडे वळला. "एसी बंद हाय म्हणाला व्हता की तुमी! ही तर झकास हाय. मी आजच नेतो."

सर्जेरावांचा चेहरा खुलला.

"गार वाटलं?" बाईंनी विचारलं.

"लई."

"मग उतरा. गाडी इकायची न्हाय."

मानसिंग उतरला. दुसऱ्या दाराने सर्जेराव उतरले आणि फाटकाकडे चालू लागले. बाईंनी काच खाली केली.

"भाऊजी, नळी ऱ्हायली तुमची. न्या, फवारणीला लागंल."

ते परत आले आणि नळी घेऊन गेले. बाईंनी काच वर घेतली, गाडी मागे घेतली आणि फाटकाबाहेर काढली. ताडपत्री शेडमध्ये घडी घालून ठेवलेली होती.