तार बदलली, उत्तर तेच

मागच्या महिन्यात भांडुपला, आमच्या ज्युनियर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये मी बारावीची जर्नल्स तपासत बसले होते. बावीस मुलांची बॅच. प्रयोग अगदी साधा... एका तारेचा रेझिस्टन्स मोजायचा.

एकवीस जर्नल्समध्ये उत्तर होतं चार पॉइंट एक ओहम. एकातच सहा पॉइंट आठ.

ते श्रावणीचं होतं. मागच्या बाकावर बसणारी, फारशी न बोलणारी मुलगी. मी लाल पेनाने फुली मारली, मार्क कापले आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हटलं, "मनाचेच आकडे टाकायचे असतील तर निदान पटतील असे तरी टाकावेत ना." वर्ग हसला. मीही हसले असेन.

ती उभी राहिली. "मॅडम, मी तीन वेळा केला. तेवढंच येतंय."

आवाज चढवून नाही, रडूनही नाही. त्यामुळेच बहुतेक मला जास्त राग आला. म्हटलं, शनिवारी ये आणि माझ्यासमोर करून दाखव.

शनिवारी कॉलेज जवळजवळ रिकामं असतं. ती आली, वायरी जोडल्या, रीडिंग घ्यायला लागली. मी शेजारी स्टूल घेऊन बसले, चूक कुठे करते ते पकडायला. कनेक्शन बरोबर, पद्धत बरोबर. उत्तर... सहा पॉइंट आठ.

मी तिला बाजूला केलं आणि स्वतः प्रयोग केला. सहा पॉइंट नऊ. टेबल बदललं. सहा पॉइंट सात. शेवटी कपाटातून मल्टिमीटर काढला आणि थेट तारेला लावला. सहा पॉइंट आठ.

आमचे लॅब असिस्टंट धुरीकाका पलीकडे भिंगं पुसत होते. त्यांना विचारलं, काका, या तारा कधी बदलल्या होत्या का?

"बदलल्या ना. लॉकडाऊननंतर लॅब उघडली तर जुन्या सगळ्या गंजलेल्या. नवीन बंडल आणून मीच लावल्या. ही तार जरा बारीक मिळाली." मग फडकं झटकत म्हणाले, "माका कोणी इचारूकच नाय, तर सांगतलंय कोणाक?"

बारीक तारेचा रेझिस्टन्स जास्त. म्हणजे तेव्हापासूनच्या प्रत्येक बॅचने या लॅबमध्ये अशा तारेचं उत्तर लिहिलं होतं, जी लॅबमध्ये नव्हतीच.

कुणा जुन्या विद्यार्थ्याचं जर्नल स्कॅन करून ठेवलेलं आहे, ती पीडीएफ दरवर्षी मुलांच्या नव्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. चार-पाच मुलं करत असतील, असं मी धरून चालले होते.

आणि मी? माझ्या ड्रॉवरमध्ये उत्तरांचा एक कागद होता, माझ्या आधीच्या मॅडमनी रिटायर होताना दिलेला. जर्नल उघडायचं, शेवटचा आकडा बघायचा, कागदाशी जुळला की सही. मुलं पीडीएफवरून उतरवत होती, मी कागदावरून तपासत होते... प्रयोग कोणीच करत नव्हतं.

मी श्रावणीला विचारलं, "तू का नाही गं ग्रुपवरचं लिहिलंस?" ती काहीतरी प्रामाणिकपणाबद्दल बोलेल, अशी माझी कल्पना.

"माझा फोन बंद आहे मॅडम, डिस्प्ले गेलाय. ग्रुप बघताच आला नाही. नाहीतर मीपण तेच लिहिलं असतं ना." मग म्हणाली, "सहा आलं तेव्हा मला पण वाटलं, वाट लागली. पण दुसरं लिहिणार काय? माझ्याकडे दुसरा आकडाच नव्हता."

मी तिचं जर्नल पुढे ओढलं. तिचे मार्क तिथेच नीट केले.

सोमवारी वर्गात सांगितलं की श्रावणीचं बरोबर होतं, चुकलं माझं. तिला सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सॉरीही सगळ्यांसमोरच म्हटलं. ती बाकाकडे बघत राहिली.

पुढच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मग आमचं सगळ्यांचं एकदम कसं काय चुकलं?"

"तेच तर मला विचारायचंय," मी म्हटलं. या वेळी कोणी हसलं नाही.

सगळ्यांना प्रयोग परत करायला लावला. कोणाचं सहा पॉइंट तीन, कोणाचं सात, एकाचं तर चक्क अकरा. अर्ध्या मुलांना कुठली वायर कुठे जोडायची तेच माहीत नव्हतं... आणि बोर्डाचं प्रॅक्टिकल जवळ आलेलं.

बुधवारी श्रावणी स्टाफरूमच्या दारात आली. "मॅडम, आता ग्रुपवर माझंच पान फिरतंय." तिला थोडं हसू येत होतं. मलाही आलं.

त्या दुपारी मी आणि धुरीकाका बंडल घेऊन बसलो आणि प्रत्येक टेबलासाठी वेगळ्या लांबीची तार कापली. ड्रॉवरमधला कागद फाडून टाकला. आता आधीपासून उत्तर माहीत असलेलं लॅबमध्ये कोणी नाही, मीसुद्धा नाही. तपासायचं तर मलाही मोजावं लागतं. वेळ दुप्पट जातो, कुरकुर मुलांपेक्षा माझीच जास्त असते.

परवा एका टेबलावर माझं उत्तर पाच पॉइंट सहा आलं आणि तिथल्या मुलीचं पाच पॉइंट दोन. तिने माझ्या आकड्याकडे बघितलं, परत स्वतःच्या वहीकडे बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, तुमचं एकदा परत करून बघा ना."

करून बघितलं. माझं एक कनेक्शन सैल होतं, तिचं बरोबर होतं.

इतक्या वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं... म्हणायची कोणाला गरजच पडली नव्हती.