दोन माणसं बसून बोलतात असा सीन

आमच्या घरात टीव्हीपेक्षा बाबांच्या हरकतींनी जास्त करमणूक होत असे. बाबा चौतीस वर्षं कोर्टात रीडर होते. न्यायाधीशांच्या खालच्या टेबलाशी बसायचं, फायली सांभाळायच्या, पुकारा करवायचा, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर कोर्टकचेरी असलेला कुठलाही सिनेमा किंवा मालिका त्यांनी सोडली नाही आणि पसंत एकही केली नाही. "याला नोटीस कधी बजावली?" असं ते पडद्याला विचारत. "साक्षीदाराला शपथ न देताच सुरू केला." खून कुणी केला याच्याशी त्यांना देणंघेणं नसे. पंचनाम्यावर पंचांच्या सह्या आहेत का, एवढंच ते बघत.

गेल्या वर्षी या हरकती कमी होत गेल्या. वयानं माणूस मवाळ होतो, असा मी सोयीस्कर अर्थ काढला. मग एके दिवशी पडद्यावरच्या वकिलानं स्वतःच्याच अशिलाची उलटतपासणी घेतली आणि बाबा गप्प बसले, तेव्हा माझ्या बायकोनं टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "त्यांना ऐकू येत नाहीये."

डॉक्टरांनी सांगितलं, डावा कान बराच गेला आहे, उजवा बरा आहे, पण बोलण्यातले बारीक आवाज निसटतात. त्यांनी कानाचं यंत्र दिलं. बाबांनी ते चार दिवस लावलं आणि टेबलाच्या खणात ठेवून दिलं. "यात सगळंच ऐकू येतं," ही त्यांची तक्रार होती. "तुझी बायको भांडी लावते ते, शेजारचा खाकरतो ते. मला एवढं सगळं नकोय." टीव्हीचा आवाज वाढवला तर बोलणं वाढे आणि त्याच्या दुप्पट ढोलताशे वाढत. हळूहळू जेवण झालं की ते "तुम्ही बघा" म्हणून आपल्या खोलीत जायला लागले. आई गेल्यापासून दिवसातला तो एकच वेळ असा होता की बाबा, मी, बायको आणि मुलगी असे आम्ही चौघं एका खोलीत असायचो. आता तिघंच असायचो, आणि मालिकांतली कोर्टं बिनविरोध चालायची.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो, त्यामुळे अडचण आली की वाचत सुटायची सवय आहे. होम थिएटर रिसीव्हर या वस्तूबद्दल मी तीन आठवडे वाचलं. रिसीव्हर म्हणजे एक जड काळा डबा. टीव्हीकडून आलेला आवाज वेगवेगळ्या वाटांनी, म्हणजे चॅनेलांनी, वेगवेगळ्या स्पीकरना वाटून देणं हे त्याचं काम. सिनेमातलं बोलणं बहुतेक वेळा मधल्या एका चॅनेलातून येतं. तिथं वेगळा स्पीकर लावला तर बाकीचा गोंधळ आहे तिथंच ठेवून फक्त बोलणं वर घेता येतं. मला हवं होतं ते एवढंच. ते कळायला तीन आठवडे लागले, कारण कुठल्याच जाहिरातीत ते लिहिलेलं नव्हतं. जाहिरातींत अंतराळयानं होती.

पन्नास हजारांच्या आत बसवायचं असं बायकोनं आणि मी ठरवलं. दोन जुने, चांगले स्पीकर घरात होतेच. आणि इथं मामा आले.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, किला गेटजवळ राहतात. त्यांचे पूर्वज दख्खनेतून इकडे उत्तरेत घोड्यावर बसून आले होते. मामा विमा कंपनीतून निवृत्त झाले असले तरी घोड्यावरून अजून उतरलेले नाहीत. पाहुण्याला दिसणार नाही अशी वस्तू त्यांच्या घरात सहसा विकत घेतली जात नाही.

"पाच चॅनेल?" ते म्हणाले. "आमच्या व्याह्यांकडे नऊ आहेत. छतातसुद्धा स्पीकर. पाऊस पडला की डोक्यावर पडल्यासारखा वाटतो."

"मला पाऊस नकोय," बाबा म्हणाले.

"दाजी, घर काय म्हणेल?"

"घरात माझ्याशिवाय तीन माणसं आहेत. त्यांना विचारू."

शेवटी मामांच्या आग्रहामुळे आम्ही आधी मोठ्या शोरूममध्ये गेलो. बाबा, मामा, मी आणि मुलगी. तिथं एका काळोख्या खोलीत आम्हाला आरामखुर्च्यांवर बसवलं आणि टाय घातलेल्या माणसानं युद्धाचा एक प्रसंग लावला. विमानं उजवीकडून डावीकडे गेली, मग मागून पुढं आली. माझी खुर्ची हलली. मामांनी डोळे मिटून मान डोलावली.

मी म्हणालो, "भाई साहब, कोई ऐसा सीन लगाइए जिसमें दो लोग बैठकर बात कर रहे हों."

त्याला वाटलं मी पुढं काहीतरी सांगणार आहे. "बस बात?" त्यानं विचारलं. मग तो शोधत राहिला. त्याच्याकडे भूकंप होता, डायनोसॉर होते, मोटारींची शर्यत होती. बसून बोलणारी माणसं नव्हती. शेवटी दोन जण बोलताना सापडले, पण अर्ध्या मिनिटात एकानं दुसऱ्याला खिडकीतून बाहेर फेकलं.

तेवढ्या वेळात बाबांनी माहितीपत्रक मागून घेतलं होतं. ते त्यांनी कोर्टाचा कागद वाचावा तसं वाचलं, म्हणजे खालून वर. "इथं मोठ्या अक्षरात दीडशे वॅट लिहिलंय," ते मला म्हणाले, "आणि इथं मुंगीएवढ्या अक्षरात, की एकच चॅनेल चालू असताना मोजले. नऊ विकताय आणि एकाचं मोजताय?" मी हेच हिंदीत विचारलं. टायवाला म्हणाला, सगळ्या कंपन्या असंच लिहितात. "सगळे असंच लिहितात हा बचाव कोर्टात चालत नाही," बाबा म्हणाले. ते त्यांनी मराठीत म्हटलं म्हणून भांडण झालं नाही. मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "पप्पा, आबा फॉर्म में हैं." ते मला इतकं बरं वाटलं की मी त्या माणसाला उगाचच दोनदा धन्यवाद दिले.

दुसऱ्या दिवशी मी एकटा टोपी बाजारातल्या गल्लीत गेलो. तिथं एक म्हातारे दुकानदार आहेत, लग्नाच्या मांडवांना आणि शाळांना ध्वनियंत्रणा पुरवतात. त्यांनी वॅटची गोष्टच काढली नाही. खोली केवढी, विचारलं. बारा बाय पंधरा. स्पीकर कुठले, किती ओहमचे, तेही विचारलं, म्हणजे जुने स्पीकर नव्या डब्याला जड जायला नकोत. टीव्हीला आवाज रिसीव्हरकडे परत पाठवणारी वायरीची जागा आहे का, याची खात्री करून घेतली. मग म्हणाले, "और सुनने वाला बैठेगा कहाँ?"

मी म्हणालो, "सामने सोफ़ा है, बीच में."

या उत्तरावर मी नंतर बराच विचार केला. ते खोटं नव्हतं. सोफा आहे, समोर आहे, मध्ये आहे. पण त्यावर कोणी बसत नाही. आमच्याकडच्या जुन्या मराठी घरांत बैठकीतली मधली जागा पाहुण्याची असते. एके काळी दरबारात कोण कुठं बसतं यावर माणसाची किंमत ठरायची. दरबार गेले, बसण्याची पद्धत राहिली. त्या सोफ्यावर पांढरी चादर असते, दोन तक्के असतात, आणि घरची माणसं कडेकडेनं, खुर्च्यांवर, वेताच्या मोड्यांवर, दिवाणाच्या टोकाला बसतात. बाबा तर खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसतात, उजवा कान टीव्हीकडे करून. पण बाहेरच्या माणसानं विचारलं की घराचं उत्तर म्हणजे सोफा. माझ्या तोंडून ते आपोआप निघालं. पोकळ मानमरातबाविरुद्ध मी चारचौघांत बोलत असतो, म्हणून हे लिहून ठेवतो.

त्यांनी पाच चॅनेलचा साधा रिसीव्हर, मधला स्पीकर आणि मागचे दोन छोटे स्पीकर दिले. सगळं पन्नास हजारांच्या आत बसलं.

रविवारी दुकानाचा माणूस जोडणीला आला. हे रिसीव्हर हल्ली स्वतःच खोली मोजतात. बरोबर एक छोटा माइक येतो. ऐकणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर तो ठेवायचा, मग प्रत्येक स्पीकर आळीपाळीनं शिट्टीसारखा आवाज काढतो आणि यंत्र त्यावरून कुठल्या स्पीकरला किती आवाज द्यायचा ते ठरवतं.

"मेन सीट कौन सी है?" त्यानं विचारलं.

"हीच," मामांनी सोफ्यावर हात ठेवला. मामा अर्थातच आले होते. मी मान डोलावली. बायकोनं चादर नीट केली. बाबासुद्धा काही बोलले नाहीत. एवढ्या मोठ्या चुकीला घरातून एकही हरकत आली नाही.

माइकला मधोमध दोन तक्क्यांमध्ये बसवलं. मोजणी चालू असताना कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. आम्ही पाच जण भिंतींना टेकून उभे राहिलो आणि पुढचा स्पीकर कण्हला, मग दुसरा. तिसऱ्याच्या वेळी स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. दुसऱ्या वेळी मामांना खोकला आला. तो त्यांनी इतक्या निकरानं दाबला की चेहरा जांभळा झाला. "लगता है कोई वीआईपी बैठा है," मुलगी नंतर म्हणाली.

संध्याकाळी खटल्याचा एक सिनेमा मुद्दाम लावला. मामा सोफ्यावर, कारण ते पाहुणे. बाकीचे आपापल्या जागी. मामांना फार आवडलं. बाबांच्या डोक्यामागे उजवीकडे एक छोटा स्पीकर होता. तो सोफ्यापासून लांब, म्हणून यंत्रानं त्याचा आवाज वाढवून ठेवला होता. खिडकीपासून मात्र तो हातभर अंतरावर. वकील बोलायला लागला की न्यायालयातली गर्दी बाबांच्या त्याच एका चांगल्या कानात कुजबुजायची. दहा मिनिटांनी ते उठले. "छान आहे," म्हणाले आणि खोलीत गेले.

"छान आहे" हे बाबा लग्नातल्या जेवणाबद्दल म्हणतात.

त्या आठवड्यात ते जेवणानंतर बाहेर आलेच नाहीत. मी पुन्हा वाचायला लागलो, रिसीव्हरमधला हा पर्याय, तो पर्याय लावून बघायचो आणि दर वेळी सोफ्यावर बसून तपासायचो. सगळं स्वच्छ ऐकू यायचं. मला वाटायला लागलं की आता कानच गेला, यंत्राचा काही दोष नाही. बायकोला तसं म्हटलंसुद्धा.

मुलगी कॉलेजातून आली तेव्हा मी तसाच सोफ्यावर बसलो होतो.

"पप्पा, कोणी आलंय का?"

"नाही. का?"

"मग तुम्ही तिथे का बसलात?" मग तिनं माझ्याकडे, टीव्हीकडे आणि खिडकीकडे पाहिलं. "एक मिनिट. इस सोफ़े पे बैठता कौन है?"

मी वेताच्या खुर्चीकडे पाहिलं. ती हसायला लागली आणि स्वयंपाकघरात तिच्या आईला सांगायला पळाली. आतून दोघींचं हसणं ऐकू आलं. माझा कान उत्तम आहे.

सोपा उपाय म्हणून मी बाबांना सोफ्यावर बसायला सांगून पाहिलं. ते बसले, दोन मिनिटं. "इथं बसलं की आपण भेटायला आल्यासारखं वाटतं," म्हणाले. "आता निघतो म्हणावंसं वाटतं." ते परत वेताच्या खुर्चीत गेले आणि पाय लांब केले.

मग मागचा स्पीकर भिंतीवर वर, लांब सरकवला. वेताच्या खुर्चीत चार जाड पुस्तकं रचली, त्यावर माइक ठेवला. कुकर उतरवून ठेवला. मधला स्पीकर बाबांच्या खुर्चीकडे किंचित वळवला आणि मोजणी झाल्यावर बोलण्याचा आवाज आणखी चार खुणा वर घेतला. मामा त्या वेळी चहाला आले होते. खुर्चीतली पुस्तकं बघून त्यांना सगळा प्रकार कळला.

"म्हणजे मधे बसणाऱ्याला वाकडं ऐकू येणार. उद्या पाहुणे आले तर?"

"पाहुण्यांना चहा देऊ," बायको म्हणाली.

जेवणं झाल्यावर तोच सिनेमा पुन्हा लावला. बाबा नको म्हणत होते, मुलीनं हाताला धरून आणलं. आम्ही पडद्याकडे बघत होतो असं म्हणणं बरोबर होणार नाही. पहिली पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग सरकारी वकील उठला, हळू आवाजात एक लांब वाक्य बोलला, मागे गर्दी होती, खाली संगीत होतं, आणि बाबांनी हात वर केला. मुलीनं सिनेमा थांबवला.

"हा पुरावा यादीत नव्हता," बाबा म्हणाले. "असा मधेच आणता येत नाही. आधी अर्ज द्यावा लागतो."

"अर्ज दिला असेल आबा, दिखाया नहीं होगा."

"मग न्यायाधीशांनी मान वर करून कुणाकडे पाहिलं? रीडरकडे. आणि तो काय करतोय, पेन्सिल तासतोय."

सिनेमा दोन तासांचा होता, आम्हाला तीन लागले. मामांनी सोफ्यावरून दोनदा सांगितलं की आवाज डावीकडे जास्त येतोय. एकदा बाबांनी त्यांना गप्प केलं, पुढचं वाक्य ऐकायचं होतं म्हणून.

संपल्यावर ते उठले नाहीत. चष्मा पुसत त्यांनी मुलीला विचारलं, "गेल्या वर्षी आपण काय काय बघितलं, ते यात सापडतं का?"

"सापडतं. का?"

"मी नुसतं पाहिलंय ते सगळं. ऐकलं कुठं?"

तिनं फोनवर यादी काढली. दोन लांब मालिका आणि अकरा सिनेमे, त्यांतले सात खटल्यांचे. आम्हाला सगळ्यांचे निकाल माहीत आहेत. बाबांनी यादी हातात घेतली, खालून वर वाचली, आणि म्हणाले, उद्या जेवण जरा लवकर करू.