विलायतेचे आठ महिने

तुम्हाला वाटेत कुणी "काय, बरं आहे ना?" असं विचारलं, तर तुम्ही खरं उत्तर देता का? देत नसणारच. मीही देत नाही. पोट बिघडलेलं असो, घरात भांडण झालेलं असो, आपण "हो हो, मजेत" म्हणून पुढे सटकतो. उभ्या शिरूर तालुक्यात या प्रश्नाचं खरं उत्तर देणारा एकच माणूस मी पाहिलेला आहे आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. एसटी स्टँडवर कुणी सहज "काय मामा, बरं हाय का?" म्हटलं की मामा थांबतात, छत्री टेकवतात, आभाळाकडं बघून विचार करतात आणि म्हणतात, "गुडघा सकाळी दुखत हुता, आता थांबलाय. झोप बरी लागली. मन जरा खट्टू हाय, पण त्याचं कारन अजून सापडलं न्हाई." तोवर विचारणाऱ्याची गाडी सुटलेली असते.

ही छत्री विलायतेची. मामा मूळचे दौंडचे, पण रांजणगावच्या एका कारखान्यात मशिनवरचे फोरमन म्हणून शिरूरला स्थायिक झालेले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, कारखाना नवा असताना, कंपनीनं इंग्लंडहून एक भलं मोठं यंत्र मागवलं आणि ते शिकून यायला मामांना तिकडं आठ महिने धाडलं. आमच्या वस्तीतून विमानात बसलेला तो पहिला माणूस. बुद्धविहारात हार घालून आम्ही त्यांना निरोप दिला होता. परत येताना त्यांनी सोनं आणलं नाही, रेडिओ आणला नाही; आणली ती एक काळी छत्री आणि रांगेत उभं राहण्याची सवय. शिरूरला पाऊस तो किती पडणार? पण मामांची छत्री बाराही महिने काखेत. रांगेचं तर विचारू नका. पानाच्या टपरीवर दुसरं गिऱ्हाईक नसलं तरी मामा दोन हात मागं उभे राहायचे. टपरीवाला म्हणायचा, "मामा, म्होरं या की." मामा म्हणायचे, "तू बोलिव, मग येतो." कंपनीच्या बसमध्ये चढताना सगळे दाराला लोंबकळत असायचे आणि मामा शेवटी चढून ड्रायव्हरला नमस्कार करायचे. शिक्रापूरच्या चौकात ट्रकांच्या गर्दीत एकदा बस तासभर अडकली, तेव्हा प्रत्येकानं ड्रायव्हरला शिव्या दिल्या. मामांनी उतरताना त्याला नेहमीसारखा नमस्कार केला, वर "आज उशीर झाला, पण तुमची चूक नव्हती" हेही सांगितलं. तो बिचारा दुसऱ्या दिवशी सगळ्यांना विचारत होता, हे म्हातारं टोमणा मारत होतं का.

पण मामांची खरी ओळख रक्तदान. गट दुर्मीळ, ओ निगेटिव्ह, आणि त्याचा त्यांना घरच्या सोन्यासारखा अभिमान. शिबिर शाळेत असो, देवळाच्या मांडवात असो, एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं असो, मामा हजर. मी एकदा विचारलं, "मामा, त्या पुढाऱ्याला तर तुम्ही मतही देत नाही, मग त्याच्या शिबिराला कशाला जाता?" मामांनी छत्री मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "पोरी, आमच्या लहानपनी आमच्या हातचं पानी कुनी घेत न्हवतं. वरनं वतायचे ओंजळीत. पैल्यांदा रक्त दिलं तवा ती पिशवी भरताना मी बघत हुतो. ती कुनाला गेली मला म्हाईत न्हाई. ज्याला गेली त्यानं इचारलं न्हाई. तवापासनं मला हे आवडतं." मी तेव्हा कॉलेजात होते, पत्रकं वाचून वाढलेली आणि आता पत्रकं लिहिणारी. त्याच रात्री मी चौदा एप्रिलच्या शिबिराचं पत्रक लिहिलं: रक्ताला जात नसते, रक्ताला देश नसतो. मामांनी ते दुकानादुकानांत स्वतः चिकटवलं.

आता शिबिरात काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. फॉर्मवर प्रश्नांची ही लांबलचक यादी असते: कावीळ झाली होती का, मलेरिया झाला होता का, औषध चालू आहे का. फॉर्म भरणारा मुलगा तुमचं नाव विचारतो, वय विचारतो आणि खालच्या सगळ्या "नाही"वरून एकच उभी रेघ ओढतो. मामांना ती रेघ मान्य नव्हती. ते प्रत्येक प्रश्न मोठ्यानं वाचायला लावायचे. "दात काढलाय का?" "काढला न्हाई, पन एक हालतोय." "कुत्रं चावलंय का?" "चावलं न्हाई. मागच्या आठवड्यात चावायला आलं हुतं. हितल्याच वॉचमनचं हाय." मागं रांग वाढत जायची, लोक हसायचे, चिडायचे, आणि मामा शांतपणे पुढच्या प्रश्नाकडं वळायचे.

दोन हजार सालानंतर कंपनीत परदेशी भागीदार आले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे फॉर्मही आले. सुरक्षेचे फॉर्म, रजेचे फॉर्म, आणि त्या वर्षीच्या रक्तदान शिबिरात त्यांच्या मुख्य कचेरीच्या नमुन्यावरून ऑफिसातल्या कुणीतरी मराठीत उतरवलेला फॉर्म. त्यात एक नवाच प्रश्न होता: ऐंशी ते शहाण्णव या सालांदरम्यान तुम्ही ब्रिटनमध्ये काही महिने राहिला होतात का? रांजणगावच्या शिबिरात हा प्रश्न म्हणजे उसाच्या फडात बर्फ शोधण्यासारखंच होतं. सगळ्यांच्या फॉर्मवरून रेघ सरळ खाली गेली. मामांनी प्रश्न वाचायला लावला. त्यांच्या मागं त्यांचा मशिनवरचा जोडीदार उभा होता, राहू गावचा, घरची बागायत असलेला, वयानं बराच लहान. तो मागून कुजबुजला, "न्हाई म्हना, मामा." मामा म्हणाले, "व्हय. आठ महिने. कंपनीनंच धाडलं हुतं."

टेबलावरच्या तरुण साहेबानं फॉर्म उलटा केला, सुलटा केला, आत जाऊन फोन केला. परत येऊन म्हणाला, "मामा, तुम्हाला रक्त देता येणार नाही."

"कवापर्यंत?" मामांनी विचारलं. त्यांना सगळ्या मुदती पाठ होत्या. दाताची, मलेरियाची, लसीची. प्रत्येक "नाही"ला एक शेवट असतो, हे ते जाणून होते.

"कायमचं," साहेब म्हणाला.

का, ते त्याला सांगता आलं नाही, कारण त्यालाही माहीत नव्हतं. रांगेतल्या सगळ्यांना आधीच भेट म्हणून एकेक स्टीलचा डबा दिलेला होता. मामांनी आपला डबा टेबलावर ठेवला, झाकण नीट लावलं आणि ते मशिनवर परत गेले.

संध्याकाळपर्यंत बातमी आमच्या गल्लीत पोचली होती, ती अशी की मामांच्या रक्तात काहीतरी सापडलं. ते दिवस कसे होते आठवा. रक्तात काहीतरी सापडलं म्हणजे काय, हे लोक तोंडानं बोलत नसत, नुसत्या भुवया उंचावत. त्यात माणूस विलायतेला एकटा राहून आलेला. पिठाच्या गिरणीत एकीनं आत्याला विचारलंच, "मामांच्या रक्तात काय निघालं म्हनं?" आत्या डबा उचलत म्हणाली, "घेतलंच न्हाई तर निघंल कुठनं? तुमच्या डोक्यातनं?" पण घरी येऊन ती बराच वेळ ओट्याशी पाठमोरी उभी होती.

मी चिडून पुण्याच्या एका रक्तपेढीत गेले आणि विचारून आले. इंग्लंडात गुरांमध्ये मेंदूचा एक आजार पसरला होता, तो मांसातून माणसांत येतो, वर्षानुवर्षं अंगात झोपून राहतो आणि जिवंत माणसाच्या रक्तात तो आहे का हे कळायची सोय नाही. म्हणून बाहेरच्या काही देशांनी, त्या काळात इंग्लंडात राहिलेल्यांचं रक्त घ्यायचं थांबवलं. आपल्याकडं मात्र असा नियम नव्हता. कंपनीनं मुख्य कचेरीचा कागद जसाच्या तसा आणून इथं ठेवला होता, इतकंच. हे ऐकून कँटीनमध्ये नवीनच चर्चा सुरू झाली. राहूच्या जोडीदारानं सगळ्यांदेखत विचारलं, "मामा, म्हंजी तिकडं गाय खाल्ली का काय तुम्ही?" मामांनी घास ठेवला आणि विचार केला. "ज्या म्हातारीकडं ऱ्हात हुतो तिनं वाढलं ते खाल्लं. काय हाय ते इचारलं न्हाई. मऊ हुतं. मीठ कमी हुतं."

मी पत्रक लिहायला घेतलं. मथळा तयार होता: दारातून परत पाठवण्याची नवी रीत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यावरून हाकललं, त्यांना आता रक्तपेढीच्या दारातून हाकलता काय, असं बरंच काही. मामांनी ते दोनदा वाचलं. "चांगलं लिहिलंस," म्हणाले, "पन छापू नको. रक्ताला जात नसती हे खरं. रक्ताला रोग असतो का न्हाई? आपल्याला परत धाडनारा परत्येक नियम खोटाच असंल असं न्हाई, पोरी. ह्यो बहुतेक खरा हाय. मला कुनी नीट सांगितलं न्हाई, खुर्ची दिली न्हाई, एवढंच वाईट वाटलं." मी पत्रक घडी घालून ठेवून दिलं. खोट्या नियमाशी भांडायला मी शिकले होते. खऱ्या नियमानं माणूस दुखावला तर काय करायचं, हे माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हतं.

इथं नियम नाही, तुम्ही द्या, असं मी त्यांना शंभरदा सांगितलं. मामांचं एकच म्हणणं: जे तिकडच्या माणसाला चालत नाही ते इकडच्या माणसाला कसं चालेल? मात्र आमच्या चौदा एप्रिलच्या शिबिराला ते येत राहिले. उन्हात रांगेशेजारी छत्री धरून उभे राहायचे आणि दात्यांना म्हणायचे, "परश्न वाचून घ्या. समदे वाचून घ्या."

मग एका दुपारी राहूचा जोडीदार शिरूरला मामांच्या दारात आला. त्याची बायको दौंडच्या एका दवाखान्यात होती. बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, पण रक्त थांबत नव्हतं. गट मामांचाच. रक्तपेढीत त्या गटाची एकही पिशवी नव्हती. त्यानं एवढं सांगितलं आणि मामा चपला घालून निघाले. आत्या आणि मी जीपनं मागोमाग गेलो.

दौंडला पोचून बघते तर मामा रक्तपेढीच्या डॉक्टरांसमोर बसून आठ महिन्यांची हकिकत पहिल्यापासून सांगत होते. डॉक्टर म्हणाले, "मामा, मला तो नियम माहीत आहे. आपल्याकडं तो नाही. झोपा."

"इंग्लंडात ऱ्हायलेल्यांचं घेत न्हाईत, तर मग इंग्लंडात रक्त देतं कोन?"

"इंग्लंडातलेच लोक देतात. दुसरं कुणाचं घेणार ते?"

मामांना हे नवीन होतं. मग म्हणाले, "माझ्यात तसलं काय असंल का?"

"नसणार. शक्यता अगदीच नसल्यासारखी. पण लिहून द्या म्हणाल तर मी काय, कुणीच देणार नाही. आणि रक्त न मिळालं तर तिचं काय होईल, ते मात्र मी लिहून देतो."

मामा जोडीदाराकडं वळले. "समदं ऐकलंस का? मी झोपतो. पन तू व्हय म्हन. मी तुझ्या माघारी देनार न्हाई."

त्या गड्याला रडू फुटलं होतं. "मामा, त्या दिशी मी मागनं न्हाई म्हना म्हनत हुतो, तुम्ही ऐकलं न्हाई. आता मी व्हय म्हनतो, हे तरी ऐका. द्या तिला."

मामांनी छत्री आत्याच्या हातात दिली आणि ते आडवे झाले. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, वाचल्या. ते मामांचं शेवटचं रक्तदान.

तुम्ही म्हणाल, मग झालं की गोड. तसं झालं नाही. आजार वर्षानुवर्षं झोपून राहतो, हे वाक्य मामांच्या डोक्यात जाऊन बसलं. काही ना काही निमित्त काढून ते राहूला जाऊ लागले. वहिनींना अंगणात एका रेघेवरून सरळ चालायला लावायचे. काल काय जेवलात ते आठवतं का, विचारायचे. पहिल्यांदा वहिनी लाजून म्हणाल्या, "बरी हाय की, मामा." मामा म्हणाले, "बरी म्हंजी काय? नीट सांग." आता त्या नीट सांगतात, झोप, भूक, चक्कर, सगळं क्रमानं. त्यांची मुलगीही आईमागोमाग रेघेवरून चालते आणि तिला हा खेळ वाटतो.

एकदा मी मामांबरोबर तिथं गेले होते. पूर्वी त्या घरी मामांना चहा मिळे तो ओसरीवर, वेगळ्या ठेवलेल्या काचेच्या ग्लासातून. हे मामांनी कधी सांगितलं नव्हतं, आत्यानं सांगितलं होतं. त्या दिवशी वहिनींनी आतल्या खोलीत, घरच्या कपबशीतून चहा आणला, जोडीदाराच्या म्हाताऱ्या आईसमोर. इतक्या वर्षांच्या पत्रकांनी जे झालं नव्हतं ते समोर घडत होतं. मी मामांकडं पाहिलं. मामांचं कपाकडं लक्षच नव्हतं. ते वहिनींच्या हाताकडं बघत होते, बशी हलते आहे का.

मामांनी साठी ओलांडली, तेव्हा मर्यादा साठीचीच होती, आणि त्यांना वयाचा नियम लागला. त्या दिवशी ते हलके दिसले. "आता समदे सारखे," म्हणाले. "साठीच्या फुडं कुनाचंच घेत न्हाईत." मला मात्र राहून राहून वाटतं, मधली ती वर्षं फुकट गेली. कुणी त्या पहिल्या दिवशी त्यांना बाजूला घेऊन, खुर्चीवर बसवून, हा कागद कुठला, नियम कुणाचा, इथं लागू आहे की नाही, एवढं सांगितलं असतं तर? तो नियम शहाणाच होता. फक्त तो सांगणारं माणूस तिथं नव्हतं.

म्हणून एक विनंती आहे. येत्या चौदा एप्रिलला आमच्या विहारासमोर शिबिर आहे. ते लांब पडत असेल तर तुमच्या गावातल्या शिबिराला जा. तुमच्या "नाही"वरून कुणाला रेघ ओढू देऊ नका. प्रश्न वाचून घ्या, परदेशात राहिला असाल तर कुठं आणि किती ते खरं सांगा, आणि कुणी परत पाठवलं तर का आणि कवापर्यंत, हे विचारल्याशिवाय उठू नका. तुम्ही टेबलाच्या पलीकडचे असाल तर जवळ एक रिकामी खुर्ची ठेवा. आणि आमच्याकडंच आलात तर रांगेशेजारी छत्री धरून उभे असलेले एक म्हातारे गृहस्थ तुम्हाला विचारतील, "बरं हाय का?" घाई करू नका. जरा थांबून, विचार करून, त्यांना खरं उत्तर द्या.