सलूनमधला निवडुंग

आमच्या पेठेतल्या सलूनवाल्याला सगळे 'हलकाहात' म्हणतात. त्याच्या खुर्चीत माणूस डोळे मिटतो, घोरू लागतो, आणि वस्तरा गालावरून फिरून गेल्याचं त्याला जाग आल्यावर आरशात कळतं. असा हात साऱ्या पेठेत दुसरा नाही. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण माझाही गाल त्याच हाताखाली म्हातारा झाला आहे.

पण त्या हाताला एक खोड आहे. त्याला स्वस्थ बसवत नाही. गिऱ्हाईक नसलं की तो टॉवेलांच्या घड्या मोडून पुन्हा घालतो. तेही संपलं की पुसलेला आरसा पुसतो.

समोर चष्म्याचं दुकान आहे. ते चालवणारी बाई चाळिशीची, एकटी, हसरी आणि जिभेची तिखट. हलकाहात तिच्यावर कधीचा जीव टाकून होता. नजर घारीसारखी असताना त्यानं तिच्याकडून तीन चष्मे करून घेतले होते. शेवटी एका सकाळी धीर करून त्यानं तिला लग्नाचं विचारलं. ती नेमकी बहिणीच्या बाळंतपणाला निघाली होती. तिनं दुकानातून एक इवलीशी कुंडी आणली आणि त्याच्या हातात ठेवली. कुंडीत लिंबाएवढा गोल निवडुंग होता.

"मी परत येईपर्यंत याला जगवलंत, तर हो म्हणेन."

"याचं करायचं काय काय?"

"काही नाही. उजेडात ठेवायचा आणि विसरायचा. महिन्यातून एखाद्या वेळी घोटभर पाणी."

"एवढंच?"

"तुम्हाला तेच जड जाणार आहे," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली.

हलकाहात हवेत तरंगत परतला. उजेड भरपूर म्हणून त्यानं निवडुंग आरशापुढे ठेवला, पाण्याच्या स्प्रेच्या शेजारी. आता पाहा, आरशापुढे जे डोकं येईल त्यावर आधी पाण्याचा फवारा मारायचा, हे त्या हाताच्या हाडात मुरलेलं. गिऱ्हाइकाच्या केसांवर फुस्स, की जाता जाता निवडुंगावरही फुस्स! गिऱ्हाइकं येत राहिली, फवारे उडत राहिले, आणि हलकाहात शीळ घालत राहिला.

मग एका दुपारी त्यानं लाडानं निवडुंगाला बोट लावलं, तर तो उकडलेल्या बटाट्यासारखा दबला. बुडाशी तपकिरी चिखल झाला होता. हलकाहाताच्या तोंडचं पाणी पळालं. काही न सुचून त्यानं ड्रायर लावला. गरम वाऱ्यानं निवडुंगाची एक बाजू सुरकुतली. एवढ्यात त्याची थोरली बहीण डबा घेऊन आली. तिनं आधी ड्रायरची वायर उपटली.

"अरे, आधी बुडवलास, आता भाजतोस? क्रीम राहिलंय, तेही लाव की!"

"ताई, माझं लग्न मोडलं गं!"

"रडू नकोस. रोपवाटिकेतून असाच दुसरा आण. तिला काय कळतंय?"

"चष्म्याचं दुकान आहे तिचं. तिला दिसेल!"

तेव्हा त्यानं वस्तऱ्यात नवं पातं घातलं आणि ते स्वच्छ पुसलं. निवडुंग टॉवेलात धरून सडका भाग त्यानं पातळ पातळ चकत्यांनी कापत नेला, आतला गर स्वच्छ हिरवा दिसेपर्यंत. आता कापलेली बाजू सुकेपर्यंत त्याला हात लावायचा नव्हता. भावाला ओळखून ताईनं तो तुकडा सर्वांत वरच्या फळीवर ठेवला आणि स्टूल घरी घेऊन गेली. हलकाहात खाली उभा राहून मान वर करून नुसता पाहायचा. कापलेली बाजू सुकली तेव्हा ताईनंच तो तुकडा कुंडीत कोरड्या वाळूत टेकवला.

बाई परतली ती थेट सलूनमध्येच. खुर्चीत शाळेचे हेडमास्तर होते, एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्यावर फेस. हलकाहातानं काही झाकलं नाही. फवारा, ड्रायर, वस्तरा, सगळं सांगून टाकलं.

"अर्धाच उरलाय," तो म्हणाला. "जगलाय की नाही, तेही ठाऊक नाही. उपटून पाहिलं नाही. ताईची शपथ होती."

बाईनं काट्यांतून दोन बोटं जपून घातली आणि निवडुंग अलगद वर ओढला. निवडुंगाबरोबर कुंडीही हवेत उचलली गेली. मुळांनी वाळू घट्ट धरली होती.

"जगलाय," ती म्हणाली, आणि तिला असं हसू फुटलं की कुंडी हातात डुगडुगू लागली. "पण लग्नानंतर माझ्या डोक्यावर फुस्सफुस्स केलेलं चालणार नाही हं!"

हलकाहाताला काय करावं कळेना. तो रस्त्यावर धावला, परत आला, ताईला हाक मारत पुन्हा धावला. बाई त्याच्यामागे हसत सुटली.

"अहो, अभिनंदन!" हेडमास्तर खुर्चीतून ओरडले. "पण माझा दुसरा गाल?"

तो गाल त्या दिवशी हेडमास्तरांनी घरी जाऊन स्वतःच उरकला. वाटेत मला भेटले, तेव्हा फेसासकट हसत होते.