लिस्टेड घरातली आमची भिंत

घर बुटकं होतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, वरचा मजला बांधायचा राहूनच गेलाय. विलायतेत, हाउन्सलोच्या पलीकडं, विमानं अगदी डोक्यावरून जातात तिथं, आजूबाजूला सगळी उभी, टोकदार छपरांची घरं आणि मधेच हे लांबलचक, सपाट, जमिनीला पोट टेकवून बसलेलं. छप्पर भिंतींच्या कितीतरी बाहेर आलेलं, कपाळावर पदर पुढं ओढावा तसं. दार शोधण्यातच आमचा वेळ गेला, कारण ते समोर नव्हतंच, बाजूला होतं, आत वळून.

"अहो, हे घर आहे का गोडाऊन?" मी म्हणलं.

"भाडं झेपतंय ना? मग घर," हे म्हणाले.

त्या घरात आम्हाला एक खोली मिळाली होती. खरं म्हणजे अर्धी. एक मोठी लांब बैठकीची खोली होती, तिच्या मधोमध प्लायवूडची भिंत घालून दोन केलेल्या. पलीकडं घरमालकीण आणि विटांची मोठी शेकोटी, अलीकडं आम्ही तिघं, म्हणजे हे, मी आणि आमची मुलगी. मागच्या खोल्यांचं छप्पर गळायचं, म्हणून घरमालकीणही तिथंच झोपायची. मुलगी तेव्हा नुकती रांगायला लागली होती. समोरच्या बाजूला ओळीनं खिडक्या, काचांमध्ये पिवळे-हिरवे बारके चौकोन, आणि भिंत नेमकी एका खिडकीच्या मधोमध येऊन टेकलेली. म्हणजे ती खिडकी अर्धी त्यांची, अर्धी आमची, आणि कडी त्यांच्याकडं. त्यांना उकडलं की त्या उघडणार आणि गार वारं आमच्या पोरीच्या छातीत. मग मी भिंतीवर थापा मारायची, "आंटी, बेबी!" पलीकडनं "सॉरी, डिअर!" आणि खिडकी बंद. दिवसभरातलं माझं इंग्लिश निम्मं तेवढंच.

मी भित्री होते. आठवीत शाळा सुटली, मग लग्न, मग थेट विमान. दारावरची बेल वाजली की मला धाप लागायची, खरोखर, जिना चढून आल्यासारखी, आणि पोरीला उचलून मी बाथरूममध्ये जाऊन उभी राहायची. हे विमानतळावर कार्गोच्या शेडमध्ये. तिथं आत फोन न्यायला परवानगी नाही. यांनी बजावलं होतं, "कुणीही येऊ दे, दार उघडायचं नाही. कौन्सिलचे लोक फिरत असतात. आपल्याकडं भाड्याचा कागद नाही." कौन्सिल म्हणजे काय ते मला नीट माहीत नव्हतं, पण माझ्या डोळ्यांपुढं ती होती. काळा कोट घातलेला एक उंच माणूस, हातात छत्री.

आंटी सत्तरीच्या पुढच्या. हाउन्सलोमध्ये सगळेच सगळ्यांना आंटी म्हणतात म्हणून मीही म्हणायची. स्वयंपाकघर दोघींचं एकच. मी पोळ्या लाटायला लागले की त्या चहाचा मग घेऊन येऊन बसायच्या आणि बोलत राहायच्या, मला कळो न कळो, आणि हळूहळू बोलता आलं नाही तरी कळायला लागलं. हे घर त्यांच्या सासऱ्यांनी बांधलेलं. ते तरुणपणी अमेरिकेत होते, तिथं त्यांनी अशी घरं पाहिली. आंटींनी टेबलावरनं तळहात सपाट फिरवून दाखवला. डोंगर नाही, झाड नाही, नुसतं गवत, म्हणून घरंही गवतासारखी आडवी. माळरान, मी मनात म्हणलं. माळावरचं घर आणून ठेवलंय विमानांच्या खाली.

"मला आवडलं नव्हतं," आंटी म्हणाल्या. "मी लग्न होऊन आले तेव्हा इतकी लहान होते. अंधार वाटायचा. भीती वाटायची."

"तुम्हाला? भीती?"

"सासऱ्यांची. ते म्हणायचे, या खोलीत कधी भिंत घालायची नाही. ते गेले आणि माझ्या नवऱ्यानं लगेच घातली." आणि हसल्या. मुलाला वेगळी खोली हवी होती म्हणून. तो मुलगा आता नॉटिंगहॅमला डॉक्टर, आणि त्यालाच घर विकायचं होतं. नवरा जाताना अर्धं घर मुलाच्या नावावर करून गेलेला. बिल्डर येऊन मापं घेऊन गेला होता. हे पाडून तिथं फ्लॅट उभे राहणार. म्हणून आंटींनी घर लिस्ट करून घ्यायला अर्ज केला होता.

"लिस्ट म्हणजे काय हो?" मी यांना विचारलं.

"जुनी, मोलाची घरं सरकार यादीत घालतं. मग पाडता येत नाहीत. काही बदलायचं तर आधी विचारायचं."

"आणि भाडेकरू?"

"ते नसतात यादीत."

हे हसले. मला हसू आलं नाही. घर पडलं तर आम्ही रस्त्यावर. त्या घराआधी आम्ही किती ठिकाणी फोन केले होते! लहान मूल आहे म्हणलं की पलीकडचा आवाजच बदलायचा. ते घर राहायला हवं होतं, आंटींपेक्षा मला जास्त हवं होतं असं मला वाटायचं, आणि मी देवापुढं हात जोडून म्हणायची, हे घर यादीत जाऊ दे, काय लागेल ते घे.

देव ऐकतो, पण अर्धवट ऐकतो.

अर्ज केला म्हणून सरकारकडून घर बघायला एक बाई आल्या. हे कामावर. मी पोरीला मांडीवर घेऊन पलंगावर बसले होते, आणि भिंतीपलीकडं त्या बाईंची पावलं इकडून तिकडं, तिकडून इकडं. प्लायमधनं सगळं ऐकू यायचं. शेकोटी सुंदर, खिडक्या सुंदर, म्हणाल्या. मग पावलं भिंतीपाशी थांबली. ही खोली मुळात एकच होती ना? पलीकडं काय शिल्लक आहे, ते बघितल्याशिवाय मला काही लिहिता येणार नाही.

मी पोरीच्या तोंडावर हळूच हात ठेवला.

आंटींनी दार नाही वाजवलं. त्या भिंतीशी आल्या आणि हळू म्हणाल्या, "डिअर, या बाईंना तुझी खोली बघायचीय. तू नको म्हणालीस तर नको. खोली तुझी आहे."

आता यांनी सांगितलेलं की उघडायचं नाही. आणि मी विचार करत राहिले, पण घराचा नाही, भलताच. मला आठवेना, आत येऊ का असं मला याआधी कुणी कधी विचारलंय. माहेरी नाही, सासरी नाही, विमानतळावर तर नाहीच. नको म्हणायची मुभा मिळाली म्हणूनच असेल, मी उठले आणि कडी काढली.

बाई काळ्या कोटातल्या नव्हत्या. माझ्याच उंचीच्या, केस विस्कटलेले. दाराशी आमच्या चपला ओळीनं बघून त्यांनीही बूट काढले, आणि मोज्यातनं अंगठा बाहेर. आमची मुलगी तो अंगठा धरायला निघाली. बाई हसल्या, पण त्यांचं लक्ष वर. छताला लाकडाच्या पट्ट्या होत्या, त्या आंटींच्या बाजूनं येऊन, भिंतीच्या डोक्यावरून, आमच्याकडं सरळ पुढं गेलेल्या. इतके दिवस मी त्या पलंगावर उताणी पडून त्याच पट्ट्या बघायची, पण त्या कुठून येतात ते कधी मनात आलं नव्हतं. बाईंनी भिंतीच्या कडेवरनं बोट फिरवलं. भिंत नुसती स्क्रूंवर उभी होती, छताला कुठं कापलेलं नव्हतं.

जाताना त्या आंटींना म्हणाल्या, "भिंत काढा असं मी सांगू शकत नाही. मी जे दिसतं ते लिहिते. आज मला दोन अर्ध्या खोल्या दिसल्या."

बाई गेल्या आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून राहिलो. मी म्हणलं, "आंटी, भिंत काढली, तर घर राहतं?"

"कदाचित."

"मग?"

"मग तू कुठं जाशील? मी खोली दिलीय तुला. दिलेली परत मागायची नसते."

संध्याकाळी यांना सगळं सांगितलं. दार उघडलं म्हणून आधी बोलणी खाल्ली. मग हे म्हणाले, "परक्याचं घर. राहिलं काय, पडलं काय. आपण दुसरी खोली बघू."

"कोण देतंय? पोरगी घेऊन फिरायचं?"

"मग काय भिंत पाडून म्हातारीच्या खोलीत राहायचं? आपण दोघं? वेड लागलंय का तुला?"

"साडी लावू मधे."

"काय?"

"साडी. तुम्ही काय बंगल्यात जन्मला होता काय? चार भावंडं तुम्ही, आणि तुमच्या घरी खोल्या किती होत्या, सांगू? सासूबाईंनी भिंत मागितली होती का कधी?"

हे असे लाल झाले की मला वाटलं आता ताट भिरकावतात. मग एकदम फसकन हसले. "हळू बोल," म्हणाले, "म्हातारी ऐकतीय." मी म्हणलं, "तिला मराठी येतंय होय!"

आंटींना मी सांगितलं, भिंत काढू, पण आम्ही इथंच राहू; त्यांनी दोनदा विचारून घेतलं आणि हो म्हणाल्या. सुट्टीच्या दिवशी यांनी स्क्रू काढले. एकेक फळी बाहेर नेऊन ठेवली, आणि खोली अशी उघडत गेली की मीच दारापर्यंत मागं सरले. इतकी लांब! खिडक्यांची ओळ संपेचना. आंटी शेकोटीजवळ उभ्या, तोंडावर हात. त्यांनीही कितीतरी वर्षांत ती खोली सबंध पाहिली नव्हती. मी मात्र आमच्या बाजूकडं बघत राहिले. आमचा पलंग, पोरीची दुपटी, कपाटावरचे देव, सगळं उघड्यावर, माळावर ठेवल्यासारखं.

माझ्या दोन सुती साड्या काठाला काठ लावून शिवल्या. दोरीचं एक टोक आंटींच्या पुस्तकांच्या जड कपाटाला, एक आमच्या कपाटाला. एक खिळा मारला नाही. आंटींनी साडी बोटांत धरून बघितली आणि म्हणाल्या, "पण डिअर, यातनं सगळं ऐकू येईल."

तेव्हा मला त्यांना शिकवायला लागलं, मोडक्या इंग्लिशमध्ये, आमच्याकडची रीत. आम्ही नऊ माणसं एका खोलीत वाढलो. मधे साडी लावली की पलीकडचं ऐकू येत नाही.

"असं कसं? येतंच."

"येतं. पण येत नाही."

आंटींनी साडी जरा बाजूला करून बघितली. "आणि दिसलं तर?"

"दिसत पण नाही."

"तुम्ही लोक कमाल आहात," म्हणाल्या. पण शिकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, आमचं दोघांचं चांगलं कडाक्याचं भांडण झालेलं असताना, स्वयंपाकघरात येऊन गंभीर तोंडानं विचारलं, "झोप छान लागली ना?" मला इतकं हसू आलं की पोळी करपली.

बाई परत आल्या. या वेळी बूट काढूनच आत आल्या, मोजे धड होते. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, साडीपाशी थांबल्या, दोरी बघितली, गाठ बघितली. मी धापा टाकत म्हणलं, "नो खिळा. ओन्ली रोप." त्या म्हणाल्या, "पडद्यांबद्दल आम्ही काही लिहीत नाही," आणि साडी बाजूला करून माझ्याकडं आल्या. आत येण्याआधी थांबल्या मात्र.

मग कितीतरी दिवस काहीच नाही. पोस्टमन आला की आम्ही दोघी दाराकडं, एकमेकींना धडकत. आणि एका सकाळी आंटी पत्र हातात घेऊन उभ्या राहिल्या, चष्मा पुसला, परत वाचलं, आणि माझा दंड इतका घट्ट धरला की दुखला. घर यादीत गेलं होतं. आता कुणी पाडू शकत नव्हतं. मी पोरीला वर उचलून गरागरा फिरवलं, त्या लांब खोलीभर.

यांना त्या दिवशी सुट्टी होती. जेवताना म्हणाले, "चला, झालं मनासारखं. आता भिंत परत घालू."

"परवानगी लागेल आता," मी म्हणलं. "भिंत घालायची तर सरकारला विचारायचं."

यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या आलं होतं, स्क्रू निघत होते तेव्हाच. आपण देतोय ते परत मिळणार नाही हे कळून दिलं होतं मी. आपल्याला कुणी शहाणं म्हणत नाही, पण तेवढं कळत होतं.

दुपारी हे मुलीला बाबागाडीत घालून बाहेर घेऊन गेले. मी कपड्यांच्या घड्या करत होते आणि पलीकडं फोन वाजला. नॉटिंगहॅमवरून मुलगा. त्याचा आवाज फोनमधनं बाहेर येत होता. शब्द कळले नाहीत, पण चढलेला आवाज कुठल्याही भाषेत कळतो. आंटी मधूनमधून एवढंच म्हणत होत्या, "ते माझं घर आहे. माझं पण घर आहे." मग फोन ठेवल्याचा आवाज. आणि मग त्या रडायला लागल्या, अगदी बारीक, नवी सून रडते तसं, कुणाला कळू नये म्हणून.

मी हातातलं दुपटं धरून तशीच उभी. जाऊ का? पण रीत मीच शिकवलेली. मधे साडी आहे, मला ऐकू येत नाही. आणि त्या माझ्यावर विसंबून रडत होत्या. आत गेले असते तर त्यांना डोळे पुसायला लागले असते, वर त्यांनाच मला सांगायला लागलं असतं की काही नाही गं, सगळं छान आहे. आमच्या घरात साडीपलीकडं काकू रडायची, तेव्हा आई तिला काही म्हणायची नाही. नुसती कामं करत राहायची, भांडी जरा जोरात वाजवत.

मी स्वयंपाकघरात गेले. चहा केला, त्यांचा, दूध कमी, साखर नाही. येऊन साडीपाशी खाली बसले आणि काठाखालून कप आत सरकवला, हात दिसेल न दिसेल एवढाच. मग परत येऊन घड्या करत बसले.

बऱ्याच वेळानं कप जमिनीवरून ओढल्याचा आवाज आला. तो मात्र मी ऐकला.