काचेबाहेरचं बाकडं

"बाई, आज हाय का न्हाय?"

हिंदुराव शिपाई व्हरांड्याच्या त्या टोकाहून ओरडायचा. हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. टाइपिस्ट माना वर करायचे. स्टोअरमधले दोघंतिघं दारात येऊन उभे राहायचे. मला पाळी आली आहे की नाही, हे साऱ्या ऑफिसला ऐकू जाईल असं सांगायचं. आली असेल तर मान खाली घालून बाकड्यावर बसायचं. नसेल तर मान खाली घालून आत जायचं.

हिंदुरावचा यात दोष नव्हता. त्याला विचारायला कॉम्प्युटर खात्याचे साहेब लावायचे. साहेब स्वतः असले शब्द तोंडातून काढत नसत.

ऐंशी साल उलटून चार-पाच वर्षं झाली असतील. उद्यमनगरातला इंजिनांचा कारखाना. कोल्हापुरात तेव्हा कॉम्प्युटर बोटांवर मोजण्याइतके. आमच्याकडे आला तेव्हा मालकांनी नारळ फोडला, पेढे वाटले. काचेची खोली, थंडगार हवा, चपला दाराबाहेर. आत गणपतीचा फोटो. साहेब रोज सकाळी मशीनला फूल वाहायचे आणि की-बोर्डाला हळदकुंकू लावायचे. मुंबईचा इंजिनिअर बजावून गेला होता, धूर चालणार नाही. म्हणून उदबत्ती बंद झाली. कुंकू चालूच. ते बटणांच्या फटीत जायचं. कापसाच्या बोळ्यानं ते मी रोज काढायचे.

त्या खोलीत काम करणारी बाई मी एकटी. वडगावच्या पलीकडच्या गावातली. गणित घेऊन बी.एस्सी. झालेली, वर कॉम्प्युटरचा कोर्स. सुट्या भागांचा हिशेब ठेवणारा प्रोग्रॅम मी लिहिला. कुठला पिस्टन कुठल्या रॅकवर, किती उरले, सगळं मशीन सांगायचं. आधी त्याच कामाला चार कारकून दिवसभर खातेवह्या उपसायचे.

पाळीचे चार दिवस मी काचेबाहेर बसायचे. मांडीवर कागद, हातात पेन्सिल. प्रोग्रॅमच्या ओळी लिहायचे आणि सतीश त्या आत नेऊन टाइप करायचा. सतीश माझ्यानंतर लागलेला, मीच शिकवलेला पोरगा. तो चुकला की मी काचेवर टकटक करायचे, बोटांनी दाखवायचे. माझं अक्षर आत चालत होतं. मी चालत नव्हते.

आता खरं सांगते. त्या बाकड्यावर पहिल्यांदा मला कुणी बसवलं नाही. मी आपल्या पायांनी जाऊन बसले.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात टेलिफोनवरच्या शैलाताईंनी विचारलं होतं, "तू पाळतेस ना गं? आत देव आहे." मी पटकन म्हणाले, "पाळते की."

का म्हणाले? आमचं आडनाव गावावरून पडलेलं. त्यातून कुणाला काही कळत नव्हतं. आणि 'पाळते' म्हटलं की माझ्यामागं आपोआप एक घर उभं राहायचं. सोवळ्याचं, तुळशीचं, चार जणांत सांगता येण्यासारखं. मग जात कोण विचारतंय? त्या एका शब्दाखाली मी माझा महारवाडा झाकून ठेवला. आमच्या घरात कुणी कधी बाहेर बसलं नव्हतं. तरी मी बसले. महिन्यामागून महिने. लाज वाटायची, पण भीती लाजेपेक्षा मोठी होती.

मग प्रोग्रॅमरची जागा निघाली. पुण्याला महिनाभराचं शिक्षण, परत आल्यावर पक्की नेमणूक. मला खात्री होती. काम माझंच होतं.

साहेबांनी बोलावलं. "तुमच्या कामाबद्दल तक्रार नाही," ते म्हणाले. "पण प्रोग्रॅमरनं महिन्यातले चार दिवस मशीनपासून लांब राहून कसं चालेल? सतीशचं नाव पाठवतोय."

मी उठून बाहेर आले. बाहेर बसवणारे हेच, आणि बाहेर बसते म्हणून नालायक ठरवणारेही हेच. संडासात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. वाटलं, संपलं सगळं. शिकले कशाला एवढी?

रविवारी गावी गेले. आईला सगळं सांगितलं. आई उसातलं तण भांगलून नुकतीच आली होती, पायाला चिखल तसाच.

"भाईर बसतीस? तू?" ती म्हणाली. "आगं, आमच्यात कोण बसतंय? चार दिस बसलो असतो तर चुलीवर काय ठेवलं असतं? त्या दिसांत बी रानातच हुतो की आमी. कुणी इचारलं न्हाय कवा. उसाला इटाळ हुत न्हाय व्हय?"

मग पायाचा चिखल खरवडत म्हणाली, "माझी लाज वाटली तुला."

मी नाही म्हणाले नाही. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती.

आठवड्याभरात खंडेनवमी आली. कारखान्यात त्या दिवशी सगळी यंत्रं पुसून, हार घालून पुजतात. लेथला हार, भट्टीला हार, ट्रकला हार. कॉम्प्युटरच्या पूजेला मालक स्वतः येणार होते. माझा दुसरा दिवस होता.

"बाई, आज हाय का न्हाय?"

"हाय," मी तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले. "दुसरा दिवस."

आणि दाराशी चपला काढून आत गेले. चपला काढल्या, कारण धूळ मशीनला खरोखरच चालत नव्हती.

मालक होते. सतीश होता. साहेबांच्या हातात तांब्या आणि आंब्याची डहाळी. मशीन चालू होतं, मालकांना दाखवायला. साहेब म्हणाले, "अहो बाई, आज पूजा आहे."

"आमच्यात बाहेर बसत नाहीत, साहेब."

"आमच्यात म्हणजे?"

"महारवाड्यात."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं नाही, साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी डहाळी तांब्यात बुडवली आणि खोलीभर पाणी शिंपडलं. जमिनीवर, खुर्चीवर, की-बोर्डावर. की-बोर्डावर दोनदा.

पडद्यावर एकच अक्षर पळायला लागलं. ओळीमागून ओळ, थांबेना. पाणी बटणांखाली गेलं होतं. वीज तोडायला मी हात पुढं केला.

"हात लावू नका!" साहेब ओरडले.

मी हात मागं घेतला. सतीशला बटण सापडेपर्यंत आतून जळका वास आला आणि पडदा काळा झाला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी टाइप केलेला कागद पुढं सरकवला. 'माझ्या निष्काळजीपणामुळे यंत्र बंद पडले.' खाली माझं नाव, सहीला जागा.

"सही करा," साहेब म्हणाले. "स्टोअरमध्ये बदली करतो. नोकरी राहील."

नोकरी राहील. हे शब्द ऐकून माझ्या हातानं पेन उचललं, हेही खरं सांगते. नोकरी गेली तर गाव. गाव म्हणजे आईशेजारची सरी, दुसऱ्याचा ऊस. खोलीचं दार बंद होतं आणि माझ्या बाजूचं कुणी नव्हतं.

त्या ओळीवर मी काट मारली. खाली लिहिलं, 'साहेबांनी की-बोर्डवर पाणी शिंपडले. मला वीज तोडू दिली नाही.' सही केली. पूर्ण नाव, आणि नावापुढं जात.

"हे परवडणार नाही तुम्हाला," साहेब म्हणाले.

"काढायचं तर काढा. पण कारण लिहा. पाळी म्हणून का जात म्हणून, ते तुमच्या हातानं लिहा."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. पुन्हा लावलं. शेवटपर्यंत लिहिलं नाही.

सतीश पुण्याला गेला. माझी स्टोअरला बदली झाली, तोंडी. जेवणाच्या सुट्टीत शैलाताई डबा घेऊन दुसऱ्या टेबलाकडं वळल्या. मशीन दुरुस्त होऊन आलं, आणि मी लिहिलेला प्रोग्रॅम माझ्याशिवाय चालू लागला. कुणी माझ्या बाजूनं चकार शब्द काढला नाही. कोल्हापुरात दुसरीकडं विचारलं, तिथं बातमी माझ्या आधी पोचलेली होती.

तरी तेव्हाच मी ठरवलं. यापुढं जिथं जाईन तिथं जात आधी सांगेन, काम मग दाखवेन. पाळते का विचारलं तर नाही म्हणेन. मशीन दिसेल तिथं खुर्ची ओढून बसेन, महिन्याचे तीसही दिवस. ज्याला मला उठवायचं असेल त्यानं हात धरून उठवावं. त्यासाठी मला शिवावं लागेल.